कुणाच्या नावे? : मराठी नोकरदार कुटुंबातील मुलांसाठीच्या आर्थिक तरतुदीचा इतिहास (१८७०-१९५६)

प्रास्ताविक

घरातील लहान मुलांसाठी पैसा बाजूला ठेवणे ही गोष्ट आपल्याकडे इतकी स्वाभाविक मानली जाते की, तिलाही काही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासाची चर्चा शेतसारा, सावकारी, गिरण्या, सहकारी चळवळ आणि बँका यांच्याभोवती होते. कारकून, शिक्षक, पोस्टमास्तर वा मुन्सफ अशा पगारावर जगणाऱ्या पित्याने आपल्या पत्नीसाठी आणि अज्ञान मुलांसाठी कोणती तरतूद केली, ती कोणत्या साधनांनी केली आणि त्याच्या पश्चात ती त्यांच्या हाती पडण्याच्या मार्गात काय काय आडवे आले, हा प्रश्न त्या चर्चेत एका कोपऱ्यात राहतो.

जेव्हा या प्रश्नाचा विचार होतो, तेव्हा तो बहुधा काटकसरीच्या अंगाने होतो. पूर्वीची माणसे काटकसरी होती, म्हणून त्यांची मुले शिकली. असा एक सोयीस्कर समज रूढ आहे. प्रस्तुत लेखकाला तो अपुरा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पगारदार पित्यापुढील खरी अडचण केवळ बचत किती करावी ही नव्हती. बाजूला ठेवलेला पैसा कायद्याने कुणाचा, ही होती. आयुर्विम्याची पॉलिसी, टपाल खात्याचे बचतपुस्तक आणि भविष्यनिर्वाह निधी या तीन साधनांचा इतिहास या प्रश्नाच्या अनुषंगाने वाचला असता, नवरा, बायको आणि मुले एवढ्यांचेच कुटुंब ही कल्पना हिंदू कायद्याने मान्य करण्यापूर्वीच ती विम्याच्या कागदावर आली होती, असे दिसून येते.

एकत्र कुटुंब आणि पगार

मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क प्राप्त होतो. (मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकण या भागांत नीळकंठाच्या 'व्यवहारमयूखा'ला अग्रमान असला, तरी या मूलभूत मुद्द्यावर फरक पडत नाही.) कुटुंबप्रमुख मरण पावला तरी मुलाचे अन्नवस्त्र, मुंज आणि विवाह यांचा भार एकत्र मालमत्तेवर असे. त्या अर्थाने ही व्यवस्था हीच एक प्रकारची विमायोजना होती आणि शेतीवर जगणाऱ्या, एका गावात राहणाऱ्या कुटुंबाला ती बऱ्याच अंशी पुरत असे.

मात्र तिच्यात विधवेचे स्थान दुर्बळ होते. अविभक्त सहदायाद मरण पावला की त्याचा हिस्सा उत्तरजीवित्वाने उरलेल्या सहदायादांकडे जाई. विधवेला पोटगीचा आणि राहण्याचा हक्क तेवढा उरे. मृताची मालमत्ता स्वकष्टार्जित असली, तरी पुत्र हयात असताना विधवेला वारसाहक्क मिळत नसे. मुली तर आणखी मागे. हाती निश्चित म्हणावे असे स्त्रीधन, म्हणजे मुख्यत्वे अंगावरचे दागिने. पण दुष्काळ, धर्मकृत्य, आजारपण किंवा बंदिवास या प्रसंगी पतीने घेतलेले स्त्रीधन परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असे याज्ञवल्क्यस्मृतीच सांगते. तेव्हा तीही तिजोरी पूर्णपणे तिची नव्हती.

इंग्रजी शिक्षण आणि सरकारी नोकरी यांनी या व्यवस्थेत एक नवा घटक आणला. पगार दरमहा येई, रोख येई आणि मिळवत्या माणसाच्या श्वासाबरोबर थांबे. बदलीच्या नोकरीत गाव सुटलेले, पत्नी व दोन-तीन मुले परगावी भाड्याच्या बिऱ्हाडात, आणि कोकणातल्या अथवा देशावरच्या मूळ घरी भाऊबंद. अशा कुटुंबात कर्ता पुरुष तिशी-पस्तिशीत गेला तर मागे उरलेल्यांनी पुन्हा मूळ घराच्या दारात उभे राहायचे, एवढाच मार्ग होता. त्या काळातील मृत्यूचे प्रमाण लक्षात घेता ही भीती काल्पनिक नव्हती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढील वर्षी त्याने पुणे ग्रासले. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली. १९११ ते १९२० या दशकात हिंदुस्थानातील जन्मवेळचे सरासरी आयुर्मान अवघे वीस वर्षांच्या आसपास होते, असे लोकसंख्याशास्त्रज्ञांचे अनुमान आहे. या आकड्याचा मोठा भाग बालमृत्यूंचा आहे हे खरे. पण ज्याची मुले जगली, त्यालाही आपण त्यांच्या शिक्षणापर्यंत पुरू अशी खात्री देता येत नव्हती.

बचतपुस्तक आणि पॉलिसी

अशा पित्याला उपलब्ध असलेली पहिली साधी सोय बचत बँकेची. इलाख्यांच्या राजधान्यांत सरकारी बचत बँका आधीपासून होत्या. १८८२ मध्ये टपाल खात्याची बचत बँक सुरू झाली आणि तालुक्याच्या गावापर्यंत ही सोय पोहोचली. येथे एक बारकावा नमूद करण्याजोगा आहे. १८७३ च्या सरकारी बचत बँक कायद्यात अज्ञान मुलाच्या नावे ठेवलेली रक्कम कुणास द्यावी यासंबंधी तरतूद आहे, आणि विवाहित स्त्रीने ठेवलेली रक्कम तिलाच देता येईल अशीही तरतूद आहे. म्हणजे एकत्र कुटुंबाच्या कायद्यात ज्या पत्नीला नावाने स्थान नव्हते, तिला ठेवीदार म्हणून ते मिळाले. परंतु बचतपुस्तकाला एक जात्याच मर्यादा आहे. त्यात जेवढे साठले तेवढेच निघणार. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी वारलेल्या कारकुनाच्या पुस्तकात कितीसे असणार?

ही उणीव आयुर्विमा भरून काढू शकत होता. हिंदुस्थानात आयुर्विम्याची कंपनी प्रथम १८१८ मध्ये कलकत्त्यास निघाली; तथापि ती आणि तिच्यानंतरच्या बऱ्याच कंपन्या मुख्यतः येथील युरोपीयांसाठी होत्या. हिंदी माणसाचा विमा घेतलाच, तर त्याचे आयुष्य अधिक जोखमीचे मानून जबर जादा हप्ता आकारला जाई. १८७० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल लाइफ ॲशुरन्स सोसायटीने हिंदी विमेदारांना साधारण दराने विमा देण्यास आरंभ केला. १८७४ मध्ये मुंबईत ओरिएंटल गव्हर्न्मेंट सिक्युरिटी लाइफ ॲशुरन्स कंपनी निघाली. तिच्या लांबलचक नावातील 'गव्हर्न्मेंट सिक्युरिटी' हे शब्द विमेदाराला धीर देण्यासाठी होते: तुमचा पैसा सरकारी रोख्यांत सुरक्षित आहे, असे ते सांगत. सरकारी नोकरीवर विश्वास असलेल्या वर्गाला यापेक्षा मोठे आश्वासन नव्हते. १ फेब्रुवारी १८८४ पासून टपाल खात्याने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी टपाल आयुर्विमा सुरू केला. त्याची कमाल मर्यादा चार हजार रुपये होती. १८९४ मध्ये त्याने खात्यातील स्त्री कर्मचाऱ्यांनाही विमा देऊ केला. स्त्रियांचा विमा घेण्यास कंपन्या तयार नसत, आणि बाळंतपणातील जोखीम हे त्यामागील एक सांगता येण्याजोगे कारण होते. दुसरे कारण न सांगता सर्वांना मान्य होते: आईच्या मृत्यूने घराचे 'उत्पन्न' बुडत नाही. लहान मुलांच्या दृष्टीने हा हिशेब किती चुकीचा होता, हे वेगळे सांगावयास नको.

स्वदेशी चळवळीच्या काळात देशी विमा कंपन्यांची संख्या वाढली. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये साताऱ्यास वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली, तेव्हा विमा हा मुंबईच्या कोटातील इमारतींपुरता न राहता जिल्ह्याच्या ठिकाणी आला. विमा एजंट हे गावातील एक ओळखीचे पात्र झाले, आणि शाळामास्तर फावल्या वेळात एजंटगिरी करू लागले.

संस्था आणि संसार

महाविद्यालयीन अध्यापकांना या इतिहासातील एक प्रकरण विशेष जवळचे वाटावे. १८८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करण्याचे व्रत घेतले होते. फर्ग्युसन महाविद्यालयातील आजीव सदस्याला दरमहा पंचाहत्तर रुपये मिळत, आणि त्याशिवाय संस्थेच्या खर्चाने त्याचा तीन हजार रुपयांचा आयुर्विमा उतरवला जाई. त्यागावर उभ्या राहिलेल्या संस्थेच्या घटनेत विम्याच्या पॉलिसीला स्थान मिळावे, ही बाब मोठी बोलकी आहे. अध्यापकाने स्वतः गरिबी पत्करावी. पण त्याच्या मृत्यूचा भार त्याच्या मुलांवर पडू नये, एवढा व्यवहार त्या ध्येयवाद्यांनी ओळखला होता.

तरी मतभेद झालेच. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात संसार वाढलेल्या सदस्यांच्या वेतनात थोडी वाढ करण्याचा प्रश्न निघाला. आगरकर तिच्या बाजूचे होते आणि टिळकांनी तिला विरोध केला. पुढे सदस्यांनी बाहेर खाजगी मिळकत करावी की नाही, यावरूनही वाद वाढला आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. या वादाचे वर्णन बहुधा दोन थोर पुरुषांतील वैचारिक व स्वभावगत संघर्ष म्हणून होते, आणि ते खोटे नाही. परंतु त्याच्या मुळाशी एक अगदी घरगुती प्रश्नही होता: त्याग करणाऱ्याने स्वतःचा त्याग करावा की बायकामुलांचाही? आगरकर १८९५ मध्ये अवघे अडतीस वर्षांचे असताना वारले. यशोदाबाई आणि लहान मुले मागे राहिली. तीन हजारांची तरतूद संस्थेने ज्या प्रसंगासाठी योजली होती, तो प्रसंग हाच. गोखल्यांनी १९०२ मध्ये महाविद्यालयातून निवृत्ती घेतली तेव्हा त्यांना दरमहा तीस रुपये निवृत्तिवेतन मिळाले. तीन वर्षांनी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या सभासदाने घ्यावयाच्या शपथांपैकी एक अशी की, समाज आपल्यासाठी व आपल्या कुटुंबासाठी जी तरतूद करील तीत तो समाधान मानील आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करणार नाही. शपथेत 'कुटुंब' आले, हे लक्षात घ्यावे. डेक्कन सोसायटीतील वादाचा अनुभव त्या शब्दामागे असावा, असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे.

दुसऱ्या टोकाला धोंडो केशव कर्वे. ते १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणिताचे अध्यापक होते. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई (पुढे आनंदीबाई, सर्वांच्या बाया कर्वे) या विधवेशी विवाह केला, आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाच्या कार्यास प्रारंभ केला. आपली शिल्लक त्यांनी त्या कार्यात घातली आणि पुढे आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या स्वाधीन केली. विधवांच्या आश्रमासाठी आपल्या संभाव्य विधवेची तरतूद देऊन टाकणे, आणि तीही ज्या स्त्रीने पूर्वी वैधव्य सोसले आहे तिची! कर्व्यांच्या चरित्रात ही गोष्ट औदार्याचा कळस म्हणून येते. बायांच्या 'माझे पुराण' या आत्मकथनातून मात्र त्या औदार्याची घरातील बाजू दिसते: ओढाताण, मुलांची काळजी, आणि स्वतः काहीतरी मिळवून संसार सावरण्याची धडपड. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. यात कर्व्यांना दोष देण्याचा हेतू नाही. परंतु कायद्याने ती पॉलिसी सर्वस्वी पतीची होती, तिच्याविषयी निर्णय घेताना पत्नीची संमती लागत नव्हती, ही वस्तुस्थिती नोंदवणे आवश्यक आहे. ती तशी का होती, हे पाहण्यासाठी कायद्याकडे वळले पाहिजे.

कलम सहा

ओरिएंटल कंपनी निघाली त्याच वर्षी, म्हणजे १८७४ मध्ये, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा संमत झाला. त्याचे सहावे कलम या लेखाच्या दृष्टीने केंद्रस्थानी आहे. विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावर घेतलेल्या पॉलिसीवरच ती पत्नीच्या, किंवा पत्नी व मुले यांच्या, किंवा त्यांच्यापैकी कुणाच्या हितासाठी आहे असे नमूद असेल, तर ती त्यांच्यासाठीचा न्यास मानली जाईल. जोवर त्या न्यासाचा कुणी लाभार्थी उरला आहे, तोवर तिच्यावर पतीचे नियंत्रण चालणार नाही, त्याच्या धनकोंना तिला हात लावता येणार नाही आणि ती त्याच्या मालमत्तेचा भाग समजली जाणार नाही. स्वतंत्र विश्वस्त नेमला नसेल तर रक्कम सरकारी न्यासपालाकडे द्यावी, एवढी पुढची व्यवस्थाही कलमात आहे. अपवाद एकच महत्त्वाचा: धनकोंना फसवण्याच्या हेतूने घेतलेली पॉलिसी.

पतीने हप्ता भरायचा, पण रक्कम त्याची नाही. सावकाराची नाही, भावांची नाही. पत्नीची आणि मुलांची. अवघ्या काही ओळींत छोटे कुटुंब हे एक आर्थिक एकक म्हणून उभे केले गेले.

आणि त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन यांना त्यातून वगळले. वैयक्तिक कायद्यात हात घालू नये, हे तत्कालीन धोरण त्यामागे होते. परिणाम असा की, मुंबईतील इंग्रज किंवा देशी ख्रिस्ती कारकुनाची पॉलिसी त्याच्या मुलांसाठी सुरक्षित होती. त्याच कचेरीत शेजारच्या मेजावर बसणाऱ्या हिंदू कारकुनाने तोच हप्ता भरून, तीच वाक्ये लिहून घेतलेल्या पॉलिसीला त्या संरक्षणाचा भरवसा नव्हता. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९१३ मध्ये सहावे कलम हिंदूंनाही लागू असल्याचा निर्णय दिला, तेव्हा ही विसंगती अधिकच उघडी पडली: मद्रासला एक आणि इतरत्र दुसरा न्याय. अखेर १९२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मद्रासेत ३१ डिसेंबर १९१३ नंतर आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या उर्वरित भागात १ एप्रिल १९२३ पासून हिंदू, मुसलमान, शीख वा जैन व्यक्तीने घेतलेल्या पॉलिसीला कलम सहा लागू करण्यात आले. पुणे-मुंबईच्या हिंदू मुलांना हे संरक्षण मिळण्यास एकोणपन्नास वर्षे लागली. मधल्या काळात एक पिढी हप्ते भरून गेली होती.

विद्याधन कुणाचे?

पॉलिसी सुरक्षित झाली तरी ज्या पगारातून हप्ता जाई, तो पगार तरी त्या माणसाचा होता काय? प्रश्न विचित्र वाटेल. परंतु तो न्यायालयात गंभीरपणे लढवला गेला. एकत्र कुटुंबाच्या पैशावर मुलगा शिकला, तर त्या विद्येच्या बळावर मिळवलेले धन एकत्र कुटुंबाचे मानावे, असा युक्तिवाद हिंदू कायद्यात प्राचीन काळापासून होता. नर्तकी आणि वकील यांची उदाहरणे घेऊन न्यायालयांनी सामान्य विद्या व विशेष विद्या असे भेदही केले. १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, कुटुंबाच्या खर्चाने शिकून सनदी सेवेत गेलेल्या एका अधिकाऱ्याची मिळकत एकत्र कुटुंबाची, म्हणून वाटणीयोग्य, ठरवली. देशभरच्या सुशिक्षित नोकरदारांना या निर्णयाने धक्का बसला. भावाच्या पैशावर बी.ए. झालेल्या प्रत्येकाच्या पगारावर तत्त्वतः भावाचा हक्क पोहोचत होता. आणि महाराष्ट्रात भावाच्या, मामाच्या किंवा काकाच्या पैशावर न शिकलेला पदवीधर त्या काळी शोधावा लागला असता.

मुंबईचे कायदेपंडित मुकुंदराव जयकर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात यासाठी विधेयक मांडले आणि १९३० मध्ये हिंदू विद्याधन कायदा झाला. शिक्षणाचा खर्च कुणीही केलेला असो, त्या शिक्षणाने मिळवलेले धन केवळ त्या कारणाने एकत्र कुटुंबाचे ठरणार नाही, असे त्याने स्पष्ट केले. सात वर्षांनी मुंबईचेच डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू स्त्रियांच्या मालमत्ताविषयक हक्काचा १९३७ चा कायदा आला. त्याने विधवेला पतीच्या मालमत्तेत मुलाइतका हिस्सा दिला, जरी तो मर्यादित स्वरूपाचा होता आणि मुलींचा त्यात विचार नव्हता.

हे तीन टप्पे (१९२३, १९३०, १९३७) सामान्यतः वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात. पहिला विमा कायद्यात, दुसरा एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत, तिसरा स्त्रियांच्या हक्कांत. नोकरदार पित्याच्या बाजूने पाहता ते एकाच प्रश्नाचे तीन भाग आहेत. पॉलिसी कुणाची, पगार कुणाचा आणि उरलेले घरदार कुणाचे. सनातनी आक्षेपकांचे म्हणणे असे की, यामुळे एकत्र कुटुंब मोडेल. वस्तुतः ते बिऱ्हाडांत आधीच मोडले होते. हे म्हणताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या भावाने शेती सांभाळून धाकट्याला शिकवले, त्याच्या मुलांना १९३० च्या कायद्याने काय मिळाले? काही नाही. एका मुलांची तरतूद दुसऱ्या मुलांच्या हक्कातून झाली, आणि या व्यवहाराची कटुता अनेक घराण्यांत पिढ्यान् पिढ्या टिकली.

मनीऑर्डरवरचा संसार

आतापर्यंतचे विवेचन मुख्यतः उच्चवर्णीय, पांढरपेशा कुटुंबांविषयी आहे, याची जाणीव ठेवली पाहिजे. गिरणगावातील कामगाराला पॉलिसी परवडणारी नव्हती. १८८० पासून टपाल खात्याने मनीऑर्डरची सेवा चालवली, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील असंख्य घरांत मुलांचे पालनपोषण त्या कागदावर होऊ लागले. बाप मुंबईत, मुले गावी. मनीऑर्डर हे तरतुदीचे साधन नव्हे, ते चालू महिन्याचे साधन आहे. ती आली नाही की त्या महिन्याचे धान्य उधारीवर येई.

मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगारवर्गीय कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली व तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीत सुमारे ४७ टक्के कुटुंबे कर्जबाजारी आढळली. प्रचलित व्याजदर रुपयामागे दरमहा एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर. हिशेब करून पाहावा: शंभर रुपयांच्या कर्जावर दरमहा सव्वासहा रुपये केवळ व्याज. ज्या घरात ही रक्कम पहिल्या तारखेलाच जाई, तेथे मुलांच्या भवितव्यासाठी काटकसरीचा उपदेश करणे हा क्रूर विनोद ठरला असता. १९२३ च्या दुरुस्तीचे वर्षही हेच, हा योगायोग. पण एकाच शहरातील दोन प्रकारच्या मुलांमधील अंतर त्यातून मोजता येते. गिरणीतील स्त्रीला १९२९ च्या मुंबई प्रसूतिलाभ कायद्याने बाळंतपणाच्या काळात काही रक्कम मिळू लागली. मुलाच्या पहिल्या काही आठवड्यांची का होईना, पण कायद्याने मान्य केलेली ती तरतूद होती, आणि ती आईच्या नावे होती.

विवाहफंडांचा बाजार

कनिष्ठ मध्यमवर्ग या दोहोंच्या मध्ये सापडला. मोठ्या कंपनीचा हप्ता जड आणि सावकार नको, अशा माणसांसाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भविष्यनिर्वाह मंडळ्यांचे पीक आले. जन्म, मुंज, विवाह, मृत्यू अशा प्रसंगी रक्कम देण्याचे आश्वासन त्या देत. त्यांतील अनेक 'वाटप' तत्त्वावर चालत: ठरावीक मुदतीत जमलेली वर्गणी त्या मुदतीतील दावेदारांत वाटून टाकायची. रक्कम आधी निश्चित नाही, मृत्युमानाचा किंवा विवाहमानाचा हिशेब नाही. सुरुवातीच्या सभासदांना भरघोस पैसे मिळत, त्यांची जाहिरात होई, नवे सभासद येत. आणि पुढे दावे वाढले की वाट्याला काही उरत नसे. मुलीच्या लग्नासाठी आण्या-आण्याने भरलेला पैसा असा गेला.

१९१२ मध्ये सरकारने दोन कायदे एकामागोमाग केले, एक भविष्यनिर्वाह विमा मंडळ्यांसाठी आणि दुसरा आयुर्विमा कंपन्यांसाठी. ते पुरेसे ठरले नाहीत. १९३८ च्या विमा कायद्याने वाटप पद्धतीच्या विम्यावर बंदी घातली. त्याच कायद्यात भविष्यनिर्वाह मंडळ्यांनी कोणत्या प्रसंगांसाठी विमा द्यावा याची यादी आहे. तीत जन्म, विवाह, मृत्यू, सामाजिक वा धार्मिक समारंभ, नोकरी जाणे, आजारपण यांबरोबर अवलंबितांच्या शिक्षणाची तरतूद हेही एक प्रयोजन म्हणून येते. मुलांचे शिक्षण ही विमा उतरवण्याजोगी जोखीम आहे, असे कायद्याच्या भाषेत येथे मान्य झालेले दिसते.

१९५६ आणि पुढे

१९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकमाने आयुर्विमा व्यवसाय सरकारच्या ताब्यात आला. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी त्याची घोषणा आकाशवाणीवरून केली. त्याआधीच्या दशकभरात पंचवीस विमा कंपन्या बुडाल्या होत्या आणि जवळपास तेवढ्याच कंपन्यांना आपला व्यवसाय दुसऱ्यांच्या हवाली करावा लागला होता. १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ भविष्यनिर्वाह मंडळ्या अशा २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. (मुंबईच्या प्रश्नावरून चिंतामणरावांनी त्यापूर्वीच राजीनामा दिला होता.) बॉम्बे म्युच्युअल, ओरिएंटल आणि साताऱ्याची वेस्टर्न इंडिया या सर्वांच्या आयुर्विम्याचा शेवट तेथे झाला. त्याच वर्षी जून महिन्यात हिंदू वारसा कायदा लागू झाला, आणि विधवा व मुलगी या मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गाच्या वारस ठरल्या.

प्रश्न तेथे संपला असता, पण नामनिर्देशनाने तो पुन्हा उभा केला. १९३८ च्या कायद्याच्या ३९ व्या कलमाने विमेदाराला पॉलिसीची रक्कम कुणाला द्यावी हे नमूद करण्याची मुभा दिली, आणि नामनिर्देशित व्यक्ती अज्ञान असल्यास तिच्या वतीने रक्कम स्वीकारणारा नेमण्याचीही. सोय कंपनीची होती: कुणाला पैसे दिले की आपण मोकळे, एवढे तिला कळणे पुरेसे. लोकांनी मात्र तिचा अर्थ 'ज्याचे नाव, त्याचा पैसा' असा घेतला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नामनिर्देशित व्यक्ती केवळ रक्कम स्वीकारणारी आहे. मालकी वारसाहक्काने ठरेल. २०१५ च्या दुरुस्तीने विम्यापुरता हा नियम बदलला. आई-वडील, पती वा पत्नी आणि मुले यांचे नाव असेल तर ती व्यक्ती लाभार्थीही मानली जाते. पण समभागांच्या बाबतीत नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. एकाच पित्याने एकाच दिवशी भरलेल्या दोन अर्जांतील एकाच नावाचे, त्यामुळे, दोन वेगळे अर्थ होतात.

धनकोंच्या बाबतीत १८७४ च्या सहाव्या कलमाइतके भक्कम संरक्षण साध्या नामनिर्देशनाने आजही मिळत नाही. ते हवे असल्यास विमा घेतानाच प्रस्तावासोबत तशी जोडपुरवणी भरून द्यावी लागते. पॉलिसी निघाल्यानंतर ती सोय उरत नाही.